पोटातले जिवाणू आणि स्वमग्नता : आशा किती, पुरावा किती?

एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतून आलेली एक बातमी खूप गाजली. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी १८ स्वमग्न मुलांच्या आतड्यांत निरोगी माणसांच्या आतड्यांतले जिवाणू सोडले. दोन वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा या मुलांची स्वमग्नतेची लक्षणे जवळपास निम्म्याने कमी झाली होती. मूळ शोधनिबंध ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आला होता, म्हणजे ही कुणाची बढाई नव्हती. घरात स्वमग्न मूल असलेल्या कोणत्याही आईवडिलांच्या मनात ही बातमी वाचून एकच प्रश्न उभा राहतो : आमच्या मुलाला याचा उपयोग होईल का?

प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. कारण या उपचारांसाठी पैसे मोजायला लावणारे दवाखाने जगात आहेत, घरच्या घरी ‘जिवाणू बदलून’ दाखवणाऱ्या चित्रफिती आहेत आणि प्रत्येक डबीवर ‘मेंदूसाठी उपयुक्त’ असे छापणारी प्रोबायोटिकची उत्पादने आहेत. म्हणून या संशोधनात नेमके काय सापडले, काय सापडलेले नाही आणि आज पालकांनी काय करावे, हे नीट समजून घेऊ या.

पोटाचे दुखणे खरे आहे

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतली एक वेगळी अवस्था आहे. इतरांशी संवाद साधणे, नजरेला नजर देणे, बोलण्यातला गर्भितार्थ ओळखणे या गोष्टी अशा मुलांना अवघड जातात. त्याच त्याच हालचाली करणे, ठरलेला क्रम बदलला की अस्वस्थ होणे, आवाज किंवा स्पर्श सहन न होणे हेही दिसते. प्रत्येक मुलात याचे प्रमाण वेगळे असते. काही मुले शाळेत पहिल्या नंबरात असतात, तर काहींना रोजच्या प्रत्येक कामात मदत लागते.

यात पोटाचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण अशा मुलांचे पालक तो संबंध फार वर्षांपासून सांगत आले आहेत. ‘याला चार-चार दिवस शौचाला होत नाही’, ‘हिचे पोट कायम फुगलेले असते’, अशा तक्रारी बालरोगतज्ज्ञांना नव्या नाहीत. २०१४ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. स्वमग्न मुलांमध्ये पोटाच्या तक्रारी असण्याची शक्यता इतर मुलांच्या तुलनेत चौपटीहून अधिक असल्याचे त्यात दिसले. बद्धकोष्ठ आणि जुलाब या दोन्ही तक्रारी साडेतीनपटीहून अधिक होत्या.

यातली खरी अडचण अशी की ज्या मुलाला बोलता येत नाही, ते ‘माझे पोट दुखते’ हे सांगणार कसे? ते डोके भिंतीवर आपटते, हाताला चावते, रात्री दोनदा-तीनदा उठून रडते. आजूबाजूचे म्हणतात, ‘स्वमग्न आहे ना, असे करायचेच.’ आणि दुखणे तसेच राहते. २०१० मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका गटाने यावर एकमताने निवेदन काढले. स्वमग्न मुलाच्या पोटाच्या तक्रारींची तपासणी इतर कोणत्याही मुलाइतकीच काळजीपूर्वक झाली पाहिजे आणि वागण्यात अचानक झालेला बदल हे पोटदुखीचे लक्षण असू शकते, असे त्यांनी बजावले. जिवाणूंचे संशोधन पुढे कुठेही गेले तरी ही गोष्ट बदलत नाही.

विष्ठेतून औषध

आपल्या आतड्यांत कोट्यवधी नव्हे, अब्जावधींच्याही पलीकडचे जिवाणू राहतात. २०१६ मध्ये इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी केलेल्या हिशेबानुसार साधारण ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्या सगळ्यांचे मिळून वजन जेमतेम २०० ग्रॅम भरते. आपल्याला न पचणारा चोथा ते पचवतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात आणि रोगकारक जंतूंना पाय रोवू देत नाहीत.

प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिकचा मारा झाला की ही वस्ती उजाड होते. मग ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल’ नावाचा जंतू माजतो आणि जिवावर बेतणारे जुलाब सुरू होतात. काही रुग्णांत औषध थांबताच तो पुन्हा पुन्हा परततो. अशा वेळी निरोगी दात्याच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यांत सोडतात. याला विष्ठा प्रत्यारोपण म्हणतात. ऐकायला किळसवाणे वाटले तरी हा उपचार काम करतो. २०१३ मध्ये नेदरलँड्समधील चाचणीत पहिल्याच वेळी १६ पैकी १३ रुग्ण बरे झाले. नुसते व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक दिलेल्या १३ जणांत मात्र चारच बरे झाले. पुढे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ आणि २०२३ मध्ये अशा प्रकारची दोन उत्पादने मंजूर केली. पण ती फक्त याच आजारासाठी आणि फक्त १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी. स्वमग्नतेसाठी त्यांना मंजुरी नाही.

पोट बदलले तर मन बदलेल का, हा विचार मात्र त्याआधीचा. आपल्या मुलाची स्वमग्नता प्रतिजैविकांच्या वारंवार वापरानंतर दिसू लागली, असे अमेरिकेतील एका आईच्या लक्षात आले. आतड्यातला एखादा जंतू यामागे असावा, अशी मांडणी तिने १९९८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात केली. त्यातून २००० मध्ये एक छोटा प्रयोग झाला. ११ मुलांना व्हँकोमायसिन तोंडाने दिले. बहुतेकांच्या वागण्यात काही काळ सुधारणा दिसली, पण ती टिकली नाही. औषध थांबल्यावर मुले हळूहळू मूळपदावर आली. तरीही संशोधकांना एक धागा मिळाला होता : जंतू नुसते मारून भागत नसेल, तर त्यांच्या जागी चांगले जिवाणू वसवून पाहिले तर?

अ‍ॅरिझोनातील अठरा मुले

रोझा क्रायमालनिक-ब्राउन, जेम्स अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. त्यांनी निवडलेली अठराही मुले ७ ते १६ वर्षांची होती आणि सगळ्यांना पोटाचा जुनाट त्रास होता. पहिले दोन आठवडे व्हँकोमायसिन, मग आतडे धुऊन काढणारे रेचक, त्यानंतर शुद्ध केलेल्या जिवाणूंचा मोठा डोस आणि पुढे सात-आठ आठवडे रोज छोटा डोस. जठरातल्या आम्लाने जिवाणू मरू नयेत म्हणून आम्ल कमी करणारे औषधही दिले. असा हा दहा आठवड्यांचा उपचार.

निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पोटाच्या तक्रारींचे गुण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. स्वमग्नतेच्या मोजपट्टीवर २० टक्क्यांहून थोडी अधिक सुधारणा दिसली. दोन वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा पोटाच्या तक्रारी सुरुवातीपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होत्या आणि स्वमग्नतेचे गुण ४७ टक्क्यांनी. सुरुवातीला १८ पैकी १५ मुले ‘तीव्र’ गटात होती. आता तीनच तीव्र गटात उरली, सात सौम्य ते मध्यम गटात आली आणि आठ मुले मोजपट्टीच्या सीमारेषेखाली गेली.

आकडे पाहून कुणीही भारावून जाईल. पण या प्रयोगाची घडण पाहिल्याशिवाय आकड्यांचा अर्थ लागत नाही. यात तुलनेसाठी लुटुपुटीचे औषध, म्हणजे प्लासिबो, घेणारा गट नव्हता. आपल्या मुलाला खरा उपचार मिळतो आहे, हे प्रत्येक पालकाला ठाऊक होते. तपासणाऱ्यांनाही ठाऊक होते. दोन वर्षांच्या काळात मुले वाढली, शिकली, आणि बऱ्याच जणांच्या औषधांत वा आहारात बदलही झाले. मग सुधारणा झाली ती जिवाणूंमुळे, वयामुळे, पोट शांत झाल्यामुळे, की पालकांच्या आशेमुळे? या प्रयोगातून ते सांगता येत नाही. हे संशोधकांनी लपवलेलेही नाही. प्लासिबोसह मोठी चाचणी हवी, असे त्यांनी स्वतःच लिहिले. बातम्यांत मात्र नेमके हेच वाक्य गळले.

आणखी एक बारीक मुद्दा. उपचारासाठी माणूस कधी येतो? त्रास शिगेला पोहोचतो तेव्हा. चढउतार असणारा कोणताही त्रास शिगेला पोहोचला की नंतर थोडा उतरतोच. त्याच वेळी काही उपचार झाला असेल, तर श्रेय त्याला जाते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, ती अशी.

सिक्रेटिनचा धडा

प्लासिबोचा एवढा आग्रह कशाला, असे वाटत असेल तर सिक्रेटिनची हकिकत पाहावी. तीही पोटाचीच आहे.

सिक्रेटिन हे पचनाशी संबंधित एक संप्रेरक. पोटाच्या तपासणीसाठी ते टोचतात. १९९८ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी नोंदवले की अशा तपासणीनंतर तीन स्वमग्न मुलांच्या बोलण्यात आणि वागण्यात लक्षणीय सुधारणा झाली. बातमी दूरचित्रवाणीवर झळकली, पालकांची रीघ लागली आणि मंजुरी नसतानाही हजारो मुलांना सिक्रेटिन टोचले गेले.

डिसेंबर १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पहिली नीट आखलेली चाचणी प्रसिद्ध झाली. ६० मुले होती. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचे पाणी. कुणाला काय मिळाले, हे पालकांनाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत सुधारणा दिसली आणि ती सारखीच होती! म्हणजे मिठाच्या पाण्यानेही मुले ‘सुधारली’. त्यानंतर झालेल्या अनेक चाचण्यांतही सिक्रेटिनचा उपयोग सिद्ध झाला नाही.

याहून बोलका आकडा पुढे आहे. निकाल सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांनी आपल्याला सिक्रेटिनमध्ये अजून रस असल्याचे सांगितले. त्यांना हसण्यासारखे यात काही नाही. बुडत्याला काडीचा आधार वाटतो. आपल्या मुलाने एकदा तरी ‘आई’ म्हणावे म्हणून जे घर वर्षानुवर्षे वाट पाहते, त्या घराला एखादा नवा शब्द, एखादी क्षणभराची नजरानजर केवढी मोठी वाटते! ती सुधारणा खरीही असते. पण ती कशामुळे झाली, हे त्या घरात बसून कळत नाही. त्यासाठीच प्लासिबो लागतो.

कोंबडी आधी की अंडे?

‘स्वमग्न मुलांचे जिवाणू वेगळे असतात’ हे विधान आपण अनेकदा वाचतो. तसे सांगणारे अभ्यास आहेत. मात्र एका अभ्यासात जो जिवाणू जास्त, तोच दुसऱ्यात कमी, असेही झाले आहे. आणि समजा वेगळेपण असलेच, तर त्यामुळे स्वमग्नता आली, की स्वमग्नतेमुळे ते वेगळेपण आले?

२०२१ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील क्लोई याप, जेकब ग्रॅटन आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नाला हात घातला. त्यांनी २४७ मुलांच्या विष्ठेची जनुकीय तपासणी केली. त्यात ९९ मुले स्वमग्न होती. उरलेल्यांत या मुलांची सख्खी भावंडे होती आणि नात्यात नसलेली मुलेही होती. जिवाणूंच्या शेकडो जाती तपासल्या, पण स्वमग्नतेशी ठळक संबंध जेमतेम एका जातीचा दिसला. संबंध जुळत होता तो आहाराशी. स्वमग्न मुले मोजकेच पदार्थ खातात, त्यामुळे आहारातली विविधता घटते, त्यामुळे जिवाणूंची विविधता घटते आणि त्याचा परिणाम शौचावर होतो, अशी साखळी त्यांना दिसली. म्हणजे बाण पोटाकडून मेंदूकडे जाण्याऐवजी वागण्याकडून ताटाकडे आणि ताटाकडून पोटाकडे जात होता.

हे आपल्या घरांतही ओळखीचे आहे. एखादे मूल रोज फक्त पांढरा भात खाते, त्यावर वरणाचा थेंब पडला तरी ताट ढकलते. दुसऱ्याला एकाच कंपनीचे बिस्कीट लागते. चव, वास, रंग, करकरीतपणा या साऱ्यांची संवेदना तीव्र असल्यामुळे असे होते, तो हट्टीपणा नसतो. महिनोन्‌महिने असे चालले, तर पोटातली वस्ती बदलणारच.

उंदरांवरचे प्रयोगही वारंवार सांगितले जातात. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील सार्किस माझमानियन यांच्या गटाने २०१९ मध्ये स्वमग्न मुलांच्या विष्ठेतले जिवाणू जंतूविरहित उंदरांत सोडले. त्यांच्या पिल्लांमध्ये एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे, इतर उंदरांशी कमी मिसळणे असे वर्तन दिसल्याचे त्यांनी मांडले. त्यावर संख्याशास्त्रज्ञांनी हरकत घेतली. दाते मोजकेच आणि एकेका दात्याचे जिवाणू मिळालेली पिल्ले मात्र अनेक. ही पिल्ले स्वतंत्र पुरावा म्हणून मोजणे म्हणजे एकाच शेतातली शंभर कणसे तपासून शंभर शेते तपासल्याचे सांगणे. शिवाय गोट्या मातीत पुरणाऱ्या उंदरावरून माणसाच्या मुलाचे मन किती कळणार, हा प्रश्न उरतोच.

दुसऱ्या बाजूला, स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. २०१९ मध्ये पाच देशांतील सुमारे २० लाख मुलांच्या नोंदींवरून तो ८० टक्क्यांच्या आसपास असल्याचा अंदाज निघाला. २०२५ मध्ये ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात केविन मिचेल, डॅरेन डाहली आणि डोरोथी बिशप यांनी या साऱ्या संशोधनाची झडती घेतली. अभ्यास लहान आहेत, त्यांच्या पद्धती सदोष आहेत आणि जिवाणूंमुळे स्वमग्नता येते असे म्हणण्याजोगा पुरावा नाही, असा त्यांचा स्पष्ट निष्कर्ष आहे. या क्षेत्रातल्या सगळ्यांनाच तो मान्य नाही. पण बातम्यांतून भासते तेवढी ही गोष्ट पक्की नाही, एवढे नक्की.

प्रोबायोटिक आणि घरचे दही

प्रत्यारोपण दूरची गोष्ट झाली. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या प्रोबायोटिकचे काय? इटलीतील संशोधकांनी २०२० मध्ये ८५ लहान स्वमग्न मुलांवरील सहा महिन्यांच्या चाचणीचे निकाल दिले. निम्म्या मुलांना अनेक जिवाणूंचे मिश्रण, बाकीच्यांना प्लासिबो. स्वमग्नतेच्या मुख्य मोजपट्टीवर दोन्ही गटांत एकंदर ठळक फरक दिसला नाही. पोटाचा त्रास असलेल्या मुलांच्या उपगटात मात्र पोटाच्या काही तक्रारी कमी झाल्या आणि रोजच्या व्यवहारातल्या काही कौशल्यांत फरक पडला. पोटाचा त्रास नसलेल्या उपगटात स्वमग्नतेच्या गुणांत काही सुधारणा दिसली. असे उपगटांचे निष्कर्ष पुढच्या चाचणीला दिशा देतात. त्यांवरून औषध लिहून देता येत नाही.

‘प्रोबायोटिक’ हे एकच औषध नव्हे, हेही लक्षात ठेवावे. ज्या चाचणीत जे जिवाणू, जेवढ्या मात्रेत वापरले, निष्कर्ष तेवढ्यापुरताच. दुकानातल्या दुसऱ्या डबीला तो लागू होत नाही. घरचे दही, ताक, इडली हे चांगले अन्न आहे. मूल आवडीने खात असेल तर जरूर द्यावे, पण त्याच्याकडून औषधाची अपेक्षा करू नये.

आगीतून फुफाट्यात

‘नैसर्गिकच तर आहे, करून पाहायला काय हरकत?’ हा युक्तिवाद विष्ठा प्रत्यारोपणाच्या बाबतीत धोक्याचा आहे. १३ जून २०१९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक इशारा दिला. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोन प्रौढ रुग्णांना एकाच दात्याची विष्ठा दिली गेली होती. तिच्यात अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा ई. कोलाय जंतू होता. दोघांनाही गंभीर संसर्ग झाला आणि त्यातला एक दगावला. हे प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली घडले होते. घरी मिक्सर वापरून नातेवाइकाची विष्ठा मुलाला देणाऱ्यांनी यावरून काय ते समजावे. दाता दिसायला धडधाकट असला, तरी त्याच्या पोटात काय आहे हे दिसत नाही.

वाढत्या वयातल्या मुलाच्या पोटातली वस्ती बदलल्याचे परिणाम वीस वर्षांनी काय होतील, याचाही विचार हवा. त्यासाठी पुरेसा काळ अजून गेलेलाच नाही. शिवाय या उपचारात आधी तीव्र प्रतिजैविक द्यावे लागते. म्हणजे आहे ती वस्ती आधी उठवायची आणि मग नवी बसेल अशी आशा धरायची.

कुणी ‘उपचार’ देऊ केला तर

स्वमग्नतेच्या नावाखाली सिद्ध न झालेले उपचार विकले जाणे आपल्याकडे नवे नाही. मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल उपचारांबाबत हे घडले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. जिवाणूंच्या उपचारांबाबतही पालकांनी हीच फूटपट्टी लावावी आणि काही प्रश्न थेट विचारावेत.

ही चाचणी आहे का? असेल तर तिची ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री–इंडिया’मधली नोंदणी कुठे आहे? ही नोंद कुणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. नैतिकता समितीची मंजुरी आहे का? तुलनेसाठी प्लासिबो गट आहे का? दात्याच्या कोणकोणत्या तपासण्या झाल्या? मुलाला अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार? आणि सर्वांत महत्त्वाचे : पैसे कोण देणार? खऱ्या संशोधनात सहभागी होणाऱ्याकडून प्रयोगाच्या औषधाचे पैसे घेत नाहीत. ‘पॅकेज’, ‘सवलत’, ‘यशाचे प्रमाण ९० टक्के’ असे शब्द कानावर पडले की उठून घरी यावे.

आज हातात काय आहे?

हे सगळे वाचून ‘म्हणजे पोटाकडे लक्ष द्यायचेच नाही का?’ असे वाटू शकते. उलट आहे. लक्ष द्यायचे, पण पोटासाठी. बद्धकोष्ठ गेले की मूल झोपते, चिडचिड कमी होते, शिकायला बसते. त्यासाठी स्वमग्नता ‘बरी’ होण्याची अट कशाला?

मूल वारंवार पोट टेबलाच्या कडेला वा पलंगाला दाबते, विचित्र अंग वाकवते, कपडे चावते, सारखे घसा खाकरते किंवा आवंढा गिळते, जेवल्यावर रडते, रात्री दचकून उठते, अचानक स्वतःला मारू लागते, ही पोटाच्या त्रासाची चिन्हे असू शकतात. दोन आठवडे एका साध्या वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात : काय खाल्ले, शौच कधी व कसे झाले, झोप कशी लागली, वागण्यात काय बदल दिसला. ही वही बालरोगतज्ज्ञांना दाखवावी. तोंडी तक्रारीपेक्षा ती जास्त कामाची असते. शौचात रक्त, वजन घटणे, सतत उलट्या यांपैकी काही असेल तर दोन आठवडे थांबू नये.

बद्धकोष्ठावर चांगली आणि स्वस्त औषधे आहेत. ती किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांनी ठरवावे. लवकर थांबवली की त्रास परततो. जेवणानंतर ठरलेल्या वेळी शौचाला बसवणे, पायाखाली छोटा पाट देणे, पाणी वाढवणे हे जोडीला हवे. नवा पदार्थ ताटाच्या कडेला नुसता ठेवावा, खाण्याची सक्ती करू नये. वास घेतला, हात लावला, तरी ती प्रगती समजावी. गहू, दूध बंद करण्याचा सल्ला कुणी दिला, तर आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय तो अमलात आणू नये. आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या ताटातले दोन काढले, तर कॅल्शियम आणि प्रथिने कुठून येणार?

आणि संवादाचे काय? त्याचा पुरावा तर गोव्यातच तयार झाला आहे. ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील सहकारी यांनी मिळून केलेल्या चाचणीचे निकाल २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. २ ते ९ वर्षांची ६५ स्वमग्न मुले त्यात होती. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाच्या पालकांना, तज्ज्ञ डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी मुलांशी खेळण्या-बोलण्याची पद्धत शिकवली. या गटातले पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून आईवडिलांशी अधिक संवाद साधू लागली. सगळ्याच मोजमापांत सुधारणा झाली, असे नाही. एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून लक्ष देण्यात ती झाली नाही आणि संशोधकांनी तसे नोंदवलेही. पण तुलनेचा गट ठेवून, आपल्यासारख्याच घरांत मिळालेला हा पुरावा आहे. त्यात प्रतिजैविक नाही, अपायाची टांगती तलवार नाही.

जिवाणूंचे संशोधन थांबू नये. प्लासिबोसह मोठ्या चाचण्या व्हाव्यात, त्यांचे निकाल चांगले असोत वा वाईट, प्रसिद्ध व्हावेत. उद्या एखादा उपचार कसोटीला उतरला, तर त्याचे स्वागतच आहे. तोवर घरातले पैसे आणि पालकांची शक्ती मर्यादित आहे, हे विसरून चालणार नाही. ती आधी मुलाच्या दुखणाऱ्या पोटावर, त्याच्या झोपेवर, शाळेवर आणि त्याच्याशी रोज अर्धा तास जमिनीवर बसून खेळण्यावर खर्च व्हावी.